खडी, सुकडी आणि हसणारी माणसं

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट आमच्या घरात नेहमी खडीपासून सुरू व्हायची. विहिरी कधी आटल्या, बैल कुठल्या बाजारात मातीमोल गेले, हे आजी नंतर सांगायची. आधी सांगायची ती दगड कसा धरायचा ते. चिंध्यांची चुंबळ करायची, तिच्यात दगड बसवायचा, म्हणजे तो घरंगळत नाही. डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे. हातोडा खांद्याच्या वर न्यायचा नाही. नेला की दुपारपर्यंत दंड भरून येतात. डोळे बारीक ठेवायचे, कारण कपची उडते. आजीच्या उजव्या भुवईवर एक बारीकसा व्रण होता, तो अशाच एका कपचीचा. संध्याकाळी मापाची पेटी शिगोशीग भरायची, मुकादमाने ती बघायची आणि मग मस्टरवर अंगठा.

हे काम नगर-पाथर्डी रस्त्याच्या कडेला होतं. आमचं गाव करंजी घाटाच्या बाजूचं. घर तसं खातंपितं. कोरडवाहू का होईना, पण जमीन बरीच, दोन विहिरी, दारात बैलजोडी, वर्षाचा सालगडी. आजी लग्न होऊन आली ती उंबऱ्याबाहेर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी सून म्हणून. बहात्तर साली ती आणि सालगड्याची बायको एकाच ढिगाजवळ समोरासमोर बसल्या. सालगड्याच्या बायकोला हातोड्याची सवय होती. तिनेच आजीला चुंबळ करायला शिकवली. पुढे त्या दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत संक्रांतीला एकमेकींकडे जात राहिल्या. पण तो वेगळा विषय.

रस्त्यावरून एसटी जायची. नगरला कोर्टकचेरीला, बाजाराला, दवाखान्यात जाणारी माणसं तिच्यात असायची. एक दिवस खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "पाटलीणबाई, माप बरोबर भरा बरं!" आणि गाडीतली माणसं हसली. आजी सांगायची, "त्या दिशी भाकर गिळली नाही. भूक तर व्हती. पन घशाखाली उतरंना." हे सांगताना तिचा आवाज चढायचा नाही. ओरडणारा कोण होता, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर मात्र ती रस्त्याकडे पाठ करून बसू लागली.

सकाळच्या गाडीचा एक डायव्हर होता. रस्ता कच्चा, गाडी जोरात गेली की फुफाटा उडून बायकांच्या डोळ्यातोंडात जायचा. हा माणूस खडीचा ढीग दिसला की गाडी अगदी हळू करायचा, ढीग संपला की पुन्हा वेग घ्यायचा. तो कधी कुणाशी बोलला नाही, गाडी थांबवून काही दिलं नाही. आजीच्या गोष्टीत तो दरवेळी यायचा. मुख्यमंत्री कोण होते ते तिला आठवून सांगावं लागे, डायव्हर मात्र तिला आपोआप आठवायचा.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. १९७०-७१पासून सलग तीन पावसाळे दगा देऊन गेले, त्यात बहात्तरचा सर्वांत वाईट. नगर, औरंगाबाद, बीड, सोलापूर या पट्ट्यात खरीप हाताला लागला नाही आणि रब्बीची पेरणीच झाली नाही. सरकारने रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव अशी कामं काढली. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना फाटे आणि वासही नको वाटे. कामावरच्या बायकापोरांना सुकडी वाटली जायची: गव्हाचं पीठ, गूळ, शेंगदाणे असलं काहीतरी मिळून केलेली भरड. पौष्टिक होती, त्या सुकडीनेच कितीतरी लेकरं जगली. पण ती घ्यायला रांगेत उभं राहून हात पुढे करावा लागे. आजीने सुरुवातीला घेतली नाही. धाकटं पोर रडून रडून निपचित पडलं, तेव्हा पदर पुढे केला.

ज्या माणसांना हसलं जात होतं, त्यांच्याच घामातून पुढे कायदा उभा राहिला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी धरलेला आग्रह, बहात्तरच्या कामांचा अनुभव आणि गावोगावच्या मजुरांनी काढलेले मोर्चे यांतून रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम मिळणं हा हक्क झाला. आणि त्याचा खर्च भागवण्यासाठी १९७५पासून शहरातल्या पगारदारांवर, व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. आजही महाराष्ट्रात पगाराच्या चिठ्ठीत ती छोटी कपात दिसते. मुंबईच्या कचेरीत बसलेल्या माणसाने पाथर्डीच्या माणसाच्या मजुरीत वाटा उचलायचा, हे त्या वेळच्या महाराष्ट्राने ठरवलं आणि कायदा करून पाळलं. मला आपल्या राज्याचा ज्या थोड्या गोष्टींसाठी मनापासून अभिमान वाटतो, त्यातली ही एक. २००५ साली देशाचा कायदा झाला, त्यामागे हा अनुभव होता.

आता नगर जिल्ह्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. आता त्याचं नाव अहिल्यानगर. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला धो धो पाऊस. तिथलं पाणी भंडारदऱ्याच्या धरणात अडतं. १९२६ साली ते धरण पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे निघाले आणि उत्तरेकडचे तालुके बागायती झाले. १९५०मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर, नगर हे तालुके पर्जन्यछायेत राहिले. आमच्याकडची माणसं दसरा झाला की कोयता घेऊन बागायतदारांच्या उसात जायची, अजून जातात. एकाच जिल्ह्यात एकाच्या बांधावरून पाट वाहतो आणि दुसऱ्याच्या दारात टँकरची वाट बघतात. त्यामुळे हसणारे फार लांबून यावे लागत नाहीत.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्र्याहत्तर साली आठवीला उत्तरेकडच्या एका बोर्डिंगात राहायला गेले. गावात शाळा होती, पण घरात खाणारी तोंडं कमी करायची होती. तिथं पहिल्याच दिवशी जेवणात ज्वारीची पांढरी भाकरी आणि वांग्याची भाजी आली. वर्षभर मिलो खाल्लेलं पोर, त्याने ताट बोटाने पुसून घेतलं. बाजूच्या पोरांनी ते पाहिलं आणि तात्यांचं नाव 'सुकडी' पडलं. शाळा सुटेपर्यंत तेच नाव राहिलं. मैदानावर सुकडी, आंघोळीच्या रांगेत सुकडी. कुणी मारलं नाही, कुणी वस्तू चोरली नाही. नुसतं नाव. तात्या पुढे शिक्षक झाले, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले, चार गावांत मान मिळाला. पण लग्नाच्या पंगतीत ते आजही दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत. आग्रह झाला की ताटावर हात आडवा धरतात. घरी आले की काकू न बोलता त्यांना भाकरी वाढते.

आजोबा वारकरी. ते तात्यांना समजावताना तुकोबांचं सांगायचे. १६३०च्या दुष्काळात देहूच्या या वाण्याचं दुकान बुडालं, पत गेली, एक बायको उपाशी मेली. तुकोबांनी हे स्वतःच अभंगात सांगितलं आहे, आणि ते सांगताना लाजेबद्दलही सांगितलं आहे. आजोबांचं बोट नेमकं तिथं असायचं. "दुष्काळ काय तुकारामानं आनला व्हता का? मग लाज त्यांना कामून वाटली?" असं ते विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "कारन बघनारे हसत व्हते." ज्याचं सगळं गेलं त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं का वाटावं, या प्रश्नाचं याहून खरं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

आजोबांकडे त्यांच्या आजोबांचीही एक गोष्ट होती. १८७६ साली पाऊस गेला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ आला. तेव्हा दौंड-मनमाड लोहमार्गाचं मातीकाम दुष्काळी काम म्हणून निघालं. १८७८ला या मार्गावर गाडी सुरू झाली. दौंडहून नगर, राहुरी, कोपरगाव करत मनमाडला जाणाऱ्या गाडीत आपण बसतो, तेव्हा खालचा भराव उपाशी माणसांनी पाट्या वाहून घातलेला आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आमचे खापरपणजोबा त्या भरावावर होते. घरात चालत आलेली गोष्ट अशी की, कामावर घेण्याआधी एक कारकून माणसाचा दंड चिमटीत धरून बघायचा. दंडाला मांस लागलं की म्हणायचा, हा खाऊन आलाय, याला कशाला काम? त्यामुळे भरती असली की बायका नवऱ्याला सांगायच्या, जरा वाकून उभे राहा, पोट आत घ्या.

ही गोष्ट घरगुती असली तरी तिच्या मागचं धोरण इतिहासात नोंदलेलं आहे. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर थोडे पैसे पुरतात असं ठरवलं. १८७७च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात मजुरी कापली, तेव्हा हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. माणसाला घरापासून दूरच्या कामावर पाठवायचं, म्हणजे खरा गरजू असेल तोच जाईल, अशीही एक कसोटी तेव्हा होती. या सगळ्याच्या तळाशी एकच संशय होता: हा मागतोय, म्हणजे बहुधा फसवतोय.

आजीलाही तो संशय भेटला. हजेरी घेणाऱ्या एकाने तिच्या पायातल्या चांदीच्या जोडव्यांकडे बघून म्हटलं होतं, "चांदी घालून खडी फोडायला येतात." जोडवी सौभाग्याची, ती मोडायची नाहीत म्हणून तिने राखली होती. बाकी सगळं, कानातल्या फुलांसकट, सोनाराकडे गेलं होतं.

१९९३च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, चार वाजायच्या सुमाराला किल्लारीला भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादमधली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या भागातून भाकरी-चटणीचा ट्रक निघाला, तात्या त्याच्याबरोबर गेले. पाऊस लागलेला, रस्त्याला चिखल, वास सहन होत नव्हता. तिथं जे पाहिलं ते तात्या फार वेळा सांगत नाहीत. एक मात्र सांगतात: मदतीला आलेल्या माणसांइतकीच बघायला आलेली माणसं होती. गाड्या करून, कॅमेरे घेऊन आलेली. पोलिसांना मदतीच्या गाड्यांसाठी वाट मोकळी करायला ओरडावं लागत होतं. आणि रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. फाटके, बटणं नसलेले, काही तर न धुतलेले. एक बाई त्या ढिगाकडे बघून म्हणाली, "घर गेलं म्हणून आमी चिंध्या नेसायच्या का?"

आपल्या ट्रकवरच्या पोरांना तात्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. भाकरी देताना फोटो काढायचा नाही. आणि रांग लावायची नाही; आपण फिरून द्यायचं, तंबूपाशी जाऊन, वाकून. पोरांना वाटलं मास्तर शिस्तीचे आहेत. सुकडीच्या रांगेतल्या पोराची आठवण त्या हुकमात होती, हे पोरांना कसं कळावं? एका तंबूत म्हातारी बसलेली. घरातली किती माणसं गेली ते तिने सांगितलं नाही आणि तात्यांनी विचारलं नाही. तिने भाकरी घेतली, ते कुठून आले ते विचारलं, आणि नगरकडून म्हटल्यावर म्हणाली, "तुमच्याकडं पाऊस कसाय यंदा?" तात्या म्हणतात, त्या प्रश्नाला त्यांना उत्तर देता आलं नाही, पण म्हातारी तरी अजून माणसासारखी माणसाशी बोलत होती, आणि मदतीला गेलेल्याने याहून वेगळं काही करायचं नसतं.

२०१३च्या दुष्काळात एका मोठ्या मंत्र्याने जाहीर सभेत पाण्यावरून दुष्काळग्रस्तांची ओंगळ थट्टा केली. पाणी सोडा म्हणून सोलापूरकडचा एक शेतकरी मुंबईत उपोषणाला बसला होता, त्याच्यावर ती होती. राज्यभर संताप झाला, मंत्र्यांनी माफी मागितली, कऱ्हाडला यशवंतरावांच्या समाधीपाशी जाऊन दिवसभर आत्मक्लेश केला. बोलणाऱ्याला महाराष्ट्राने धारेवर धरलं ते योग्यच झालं. पण त्या सभेत ऐकणारे हसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. एसटीत ओरडणारा एक होता, हसणारी गाडी होती. मला स्वतःला त्या गाडीची जास्त काळजी वाटते. एकट्याची थट्टा हवेत विरते, तिला ठसवतात ते हसणारे.

२०२५च्या सप्टेंबरात उलटंच झालं. ज्या पाथर्डी-शेवगाव-जामखेड-कर्जतने पिढ्यान् पिढ्या आभाळाकडे बघितलं, तिथं आभाळ फाटलं. वर्षाला साडेपाचशे-पावणेसहाशे मिलिमीटर सरासरीचा हा जिल्हा. त्यात दक्षिणेला पाऊस नेहमी हात आखडून. आमच्याकडचे ओढे म्हणजे वर्षातले दहा महिने वाळू. त्या ओढ्यांनी रात्रीत पात्रं सोडली, सीना नदी शिवारात शिरली. कपाशी, तूर, बाजरी, कांद्याची रोपं, सगळं पाण्याखाली. माझ्या चुलतभावाचं ओढ्याकाठचं शेत खरडून गेलं. पीक गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. खरडलं म्हणजे माती गेली, खाली मुरूम उघडा पडला. आजोबांनी बैलाने बांध घालून घालून धरलेली ती माती होती.

तो कमरेएवढ्या पाण्यातून शेळी खांद्यावर घेऊन घराकडे येत होता, तेव्हा कुणीतरी त्याचं चित्रण केलं. दोन दिवसांत ते फिरत फिरत माझ्या मोबाईलवर आलं. त्याच्यावर एक उडतं गाणं चिकटवलेलं होतं आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. लोकांनी लिहिलं होतं: दरसाल टँकर मागता, घ्या आता पाणी. ओढ्यात घरं बांधल्यावर दुसरं काय होणार. आणि एकाने लिहिलं होतं: मागे दारात बुलेट दिसते, हा कसला पूरग्रस्त?

मला तो दंड चिमटीत धरणारा कारकून आठवला. आजीची जोडवी आठवली. दीडशे वर्षांत आपण रेल्वेचे भराव घातले, धरणं बांधली, कायदे केले, आणि संकटात सापडलेल्या माणसाला अजून तेच विचारतो: तू पुरेसा उपाशी दिसत का नाहीस? ती मोटारसायकल हप्त्यांची होती. चिखल आत गेल्यावर ती सुरूच झाली नाही, हप्ते सुरू राहिले.

लोक का हसतात याचा मी खूप विचार केला आहे. सगळे दुष्ट असतात असं मला वाटत नाही. बऱ्याच जणांना आत कुठेतरी भीती असते, आणि ज्याच्यावर आलं त्याचीच काही चूक होती असं ठरलं की ती भीती कमी होते. ओढ्यात घर बांधलं म्हणून बुडाला. मी नाही बांधलं, मी बुडणार नाही. आमच्या गावातली ती घरं ओढ्यात नाहीत. तीन पिढ्या पाणी कधी तिथवर आलं नव्हतं. पण समजा एखाद्याने चुकीच्या जागी घर बांधलं असेल, तरी ते सांगायची वेळ पाणी ओसरल्यावर असते, ग्रामसभेत, नकाशा पुढे ठेवून. बुडत्या माणसाला ते सांगण्यात त्याचं हित नसतं.

आणि हसण्याने नुसतं मन दुखतं असं नाही, माणूस मदतीपासून तुटतो. चावडीपुढे धान्याच्या पिशव्या वाटल्या जात होत्या तेव्हा माझा चुलतभाऊ गेला नाही. पुन्हा कुणी चित्रण करेल, पोराच्या शाळेत ते पोचेल, ही धास्ती. पोराला वर्गात एकाने ते गाणं म्हणून दाखवलंच होतं. त्या सुमाराला राज्यात काही ठिकाणी मदतीच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो छापलेले होते आणि त्यावरून टीकाही झाली. घेणाऱ्याने पिशवी घरी नेली की तो फोटो घरात येतो, हे देणाऱ्यांना कळू नये याचं मला वाईट वाटतं.

तात्यांनाही ती चित्रफीत कुणीतरी पाठवली. त्यांनी तिच्याबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. पुतण्याला फोन लावला आणि विचारलं, "जनावरं कशीयत? कडबा किती भिजला? विहीर बुजली का वरवर गाळ आलाय?" एकामागून एक, पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यासारखे प्रश्न. मग म्हणाले, "पोराच्या वह्या-पुस्तकांची यादी कर, मी घेऊन येतो." चुलतभाऊ मला सांगत होता, आठवडाभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याला शेतकरी समजून बोललं.

पुढच्या आठवड्यात सांगलीकडून कडब्याचा एक टेम्पो गावात आला. आणणारी पोरं २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात बुडालेल्या एका गावची होती. त्यांनी विचारलं, जनावरं कुणाकुणाकडे आहेत. यादी घेतली, घरोघरी मागच्या दाराने पेंढ्या उतरवल्या, चहा घेतला आणि अंधार पडायच्या आत परतीला लागले. फलक नव्हता, हार नव्हता. आमच्या बायकांनी त्यांच्या गाडीत बाजरीचं पीठ ठेवलं. ते त्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर बायकांना वाईट वाटलं असतं, आणि ते त्या पोरांना कळत होतं. पूर पाहिलेली माणसं ती.

७ ऑक्टोबर २०२५ला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये, गाळाने बुजलेल्या विहिरीला ३० हजार, आणि जमीन पुन्हा लागवडीला आणायच्या कामासाठी रोजगार हमीतूनही पैसा. म्हणजे आजीने ज्या खडीवर बसून हातोडा चालवला, तिथूनच निघालेली योजना पन्नास वर्षांनी तिच्या नातवाच्या शेतात माती टाकायला येणार. तरी लोक म्हणालेच, यांना फुकटची सवय लागली. असं म्हणणाऱ्याने एकदा मुरूम उघडा पडलेल्या एकरभर रानात उभं राहावं आणि तलावातला गाळ भरून आणायला किती ट्रॉल्या लागतात, डिझेल किती जळतं, त्याचा हिशेब स्वतः करावा. नंतर जे बोलायचं ते बोलावं.

आजी २०११ साली गेली. तिच्या तोंडून दुष्काळाबद्दल सरकारला शिव्या मी कधी ऐकल्या नाहीत, देवालाही दोष दिलेला ऐकला नाही. मिलोच्या भाकरीवर तर ती हसून बोलायची. एसटीतल्या त्या ओरडण्यावर मात्र ती कधी हसली नाही.

पुढच्या पावसाळ्यात किंवा पुढच्या उन्हाळ्यात कुठलं ना कुठलं गाव असंच सापडेल, आणि त्या गावातल्या कुणाची तरी चित्रफीत तुमच्या हातातल्या मोबाईलवर येईल. तिच्यात माणसाचा चेहरा दिसत असेल तर ती पुढे पाठवू नका. पाठवणारा ओळखीचा असेल तर त्याला सांगा की हे बरं दिसत नाही. भांडण न करता, पण सांगा. त्या तालुक्यात कुणी ओळखीचं, लांबचं पाव्हणं, जुना वर्गमित्र असेल तर फोन लावा आणि काय लागतंय ते विचारा. कधी कडबा लागतो, कधी ताडपत्री, कधी बियाणं, कधी फक्त मोटर दुरुस्त करणारा माणूस. जुने कपडे द्यायचे असतील तर स्वतः नेसाल असेच द्या. आणि दोन महिन्यांनी पुन्हा फोन करा, कारण तोवर बातम्या थांबलेल्या असतात आणि काम खरं तेव्हा सुरू झालेलं असतं. आमच्या ओढ्याकाठच्या शेतांवर गाळमाती टाकायचं काम अजून बाकी आहे. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आहे आणि उन्हाळ्यात चार दिवस मोकळे आहेत, त्यांनी जरूर यावं. राहायची-जेवायची सोय आमच्या घरी आहे.